खूण सरळच होती, तरी क्लॅम्प सैल

तिसऱ्यांदा तीच गाडी आणि तीच तक्रार. एक सिलिंडरची मोटरसायकल. इंजिनातून धूर बाहेर आणणारा बेंड पाइप सायलेन्सरच्या तोंडात बसतो तिथला क्लॅम्प, म्हणजे सांधा आवळून धरणारी गोल पट्टी, सैल होतो, थ्रॉटल सोडला की फटफट ऐकू येते, सांध्याखाली काजळीचा पट्टा. पहिल्या वेळी क्लॅम्प नुसता आवळून दिला होता. दुसऱ्या वेळी नट-बोल्ट नवे टाकले आणि बोल्टच्या टोकावरून नटावर, तिथून क्लॅम्पच्या कानावर (पट्टीच्या ज्या दोन टोकांतून बोल्ट जातो त्यांतल्या एकावर) अशी पांढऱ्या रंगाची सलग रेघ ओढून ठेवली.

या वेळी पाना लावायच्या आधी ती रेघ पाहिली. कुठेही तुटलेली नव्हती, म्हणजे नट केसभरही मागे फिरला नव्हता. तरी बोटांनी धरला तर सहज फिरला!

नट उलटा फिरलाच नसेल, तर तो ज्याला आवळून धरत होता तेच दबलं असणार. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणलेला असतो आणि सगळी पकड त्या ताणावर असते. क्लॅम्पचा बोल्ट आखूड, त्यामुळे हा ताण मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच. आतला गॅस्केट, म्हणजे सांध्यातून धूर निसटू न देणारी कडी, तेवढा दबून बसला की ताण संपला. अशा ठिकाणी कसलाही लॉक नट किंवा लॉकिंगचं द्रावण उपयोगाचं नाही, कारण दोन्ही फक्त नट फिरू देत नाहीत. शिवाय नायलॉक नटातलं नायलॉन साधारण 120 अंशांपर्यंतच टिकतं, नेहमीचं द्रावण 150 ते 180 पर्यंत, आणि बेंड पाइप त्याच्या कितीतरी वर तापतो.

क्लॅम्प काढला. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला घासून चकचकीत झालेला एकेक ठिपका होता. कान एकमेकांना टेकले की पुढचा सगळा जोर कानावर कान दाबण्यात जातो, पाइपवर काहीच पडत नाही. टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की कट्ट वाजणारा) कट्ट करतो आणि सांधा मात्र ढिलाच राहतो. आतला जाळी-ग्राफाइटचा गॅस्केट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखा पातळ. एकाच बाजूला का झिजला, याचं उत्तर मागे मिळालं.

सायलेन्सरचा मागचा माउंटिंग बोल्ट काढला, तसा सायलेन्सर बाहेरच्या बाजूला उडी मारून साधारण 8 मिलिमीटर सरकला. म्हणजे आधीच्या एखाद्या फिटिंगमध्ये मागचा बोल्ट आधी आवळून सायलेन्सर जोराने जागेवर ओढला होता. माउंटिंगचा रबर बुशही कडक होऊन तडकला होता. खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट सांध्यावर जात होता. क्लॅम्पचं काम सांधा गच्च धरायचं. सायलेन्सरचा तिरकेपणा आणि वजन त्याच्यावर टाकलं तर कुठलाही क्लॅम्प टिकणार नाही.

गॅस्केट, क्लॅम्प, बोल्ट आणि रबर बुश नवे घेतले. पाइपवरचा गंज आणि चिकटलेलं जुनं ग्राफाइट पॉलिश पेपरने पूर्ण काढलं. यात घाई केली तर नवा गॅस्केट वाकडाच बसतो. क्लॅम्प सायलेन्सरच्या तोंडावरच्या चिरांवर आला पाहिजे, कारण त्या चिरांमुळेच तोंड आवळलं जातं. क्लॅम्पची फट आणि तोंडाची चीर मात्र एकाच रेषेत येऊ द्यायची नाही. कानांत 5 मिलिमीटर फट उरली.

मग सगळे बोल्ट फक्त हाताने लावले. सायलेन्सर हलवून पाहिला; मागचा बोल्ट न ओढता भोकात सरकायला हवा. इथे नाही सरकला, कारण ब्रॅकेटच वाकलेला होता. तो सरळ केल्यावर बोल्ट आपोआप गेला. आवळायचा क्रम सिलिंडर हेडपासून मागे: हेडचे दोन नट आलटून पालटून, मग क्लॅम्प, शेवटी माउंटिंग. क्लॅम्पच्या 8 मिलिमीटरच्या बोल्टला पुस्तिकेप्रमाणे 20 न्यूटन मीटर. आटे कोरडेच ठेवले. कॉपर ग्रीस लावायचंच असेल तर टॉर्क कमी करावा, कारण घर्षण घटलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. नट पूर्ण धातूचा, चेपलेल्या आट्यांचा.

थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या टोकाला क्षणभर जाड फडकं धरलं. सांध्यातून सुस्कारा आला नाही. पंधरा मिनिटं इंजिन तापवलं, पूर्ण गार होऊ दिलं, परत पाना लावला. नट जवळजवळ पाव फेरा आत गेला. नवा गॅस्केट पहिल्या तापण्यातच इतका बसतो, आणि हा पाव फेरा न घेता गाडी सोडणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. नवी रेघ त्यानंतर ओढली.

300 किलोमीटरनंतर गाडी तपासायला आली. रेघ सरळ होती, पण ती आधीही सरळच होती, म्हणून गार सांध्यावर पाना 20 ला लावून पाहिला. नट न हलता कट्ट वाजलं. कानांतली फटही मोजली, 4 मिलिमीटर शिल्लक.