शेतात आता राहतं कोण?

पुण्याचे पाहुणे वस्तीवर आले की हमखास विचारतात, "शेतात आता राहतं कोण?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

आमच्या नीरा खोऱ्यात शेतात राहणारी माणसं वाढली आहेत. पूर्वी सगळं गाव गावठाणात दाटीनं राहायचं, शेतात फक्त दिवसा जायचं. १८८५ साली डावा कालवा झाला, उसाला पाणी मिळालं. पुढे मोटा जाऊन विजेचे पंप आले. शेतीची वीज बरेचदा रात्रीची, त्यामुळे दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी द्यायचं, ते अंधारातच. शिवाय गोठ्यात दुभती जनावरं. गावात राहून हे निभेना. भावाभावांत वाटण्या झाल्या की जो तो आपल्या तुकड्यावर घर बांधू लागला. आज गावठाणातल्या वाड्यांना कुलपं आहेत आणि बालवाडी वस्तीवर भरते.

म्हणून शेतकरी वाढले, असं मात्र नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशातले जमीन कसणारे १२.७३ कोटींवरून ११.८८ कोटींवर आले, शेतमजूर १०.६८ कोटींवरून १४.४३ कोटींवर गेले. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ साली १.३४. तेवढ्यावर घर चालत नाही. वस्तीवरचा एखादा तरी पोरगा एमआयडीसीत जातोच. कोकणाची गोष्ट वेगळी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची तर लोकसंख्याच त्या दहा वर्षांत घटली.

मला खरी काळजी आहे ती ऊसतोड्यांची. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून, पाथर्डीकडून ते येतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात. नवरा-बायकोची जोडी हिशोबात एक 'कोयता' धरतात. पाच-सहा महिने ते फडाजवळ, म्हणजे तोडणीच्या उसाजवळ, कोप्यांत म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात, पोरंबाळं, बैलं घेऊन. वर्षातला एवढा काळ दुसऱ्याच्या शेतात काढणारी ही माणसं 'शेतात राहणारे' म्हणून कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. पहाटे थंडीत मोळ्या बांधणाऱ्या बाया बघितल्या की मला याचा राग येतो.

२०११ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळपात, ऊसतोड चालू असताना. त्या सगळ्या काळात घराबाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. २०२७ची मोजणीही फेब्रुवारीतच ठरली आहे. प्रगणकांनी डांबरी रस्ता सोडून फडापर्यंत यावं, प्रत्येक कोपीत डोकावावं. आमच्या शिवारातल्या कोप्या दाखवायला मी स्वतः बरोबर जाईन.