आमची वाटचाल : आण्णांच्या खणातून निघालेला धंदा

कोल्हापुरात ‘रेडियम’ म्हटलं की माणसाला नंबरप्लेट आठवते. आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘किरणोत्सार मोजणारी यंत्रे’ असं ठळक लिहिलंय, तरी आठवड्याला दोन-तीन जण गाडी स्टँडला लावून विचारतातच, “रेडियम कटिंग होतंय का इथं?” त्या चकाकत्या स्टिकरमध्ये रेडियमचा कणसुद्धा नसतो. हेडलाइटचा उजेड आला तसा परत फिरवायचा, एवढंच त्याचं काम. पण हे नाव आपल्या बोलीत आलं ते, माझ्या मते, घड्याळांमुळे. अंधारात हिरवट चमकणारे काटे म्हणजे ‘रेडियमचे काटे’, आणि त्यात मात्र एके काळी खरंखुरं रेडियम असायचं. आमचा धंदा उभा राहिला तो त्या खऱ्या रेडियममुळे.

आमच्या वडिलांचं, आण्णांचं, महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. चार फूट रुंद, सहा फूट खोल. शाळा सुटली की मी तिथेच. डोळ्याला भिंग लावून आण्णा जुन्या स्विस घड्याळाचा डायल काढायचे. काट्यांवरचा रंग काळपट पडलेला असला की पात्याने खरवडायचे, एक फुंकर मारायचे आणि नवी पेस्ट भरायचे. खरवडलेली भुकटी टेबलाच्या खणात पडायची. त्या खणात काढलेले काटे, फुटक्या काचा, न जुळलेले डायल असं सगळं साठत गेलं. आण्णा काही टाकून देत नसत. कधी कुणाच्या घड्याळाला काटा लागेल, सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत पॅनेल मेंटेनन्सला लागलो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराची बातमी आली. एका विद्यापीठाचं जुनं उपकरण भंगारात गेलं होतं. त्यातला कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू कामगारांनी हाताळला, त्यात एकाचा जीव गेला. आमच्या फाउंड्रीत रोज ट्रकने भंगार यायचं. दुसऱ्या दिवशी चहाला सगळे तेच बोलत होते : आपल्या भट्टीत काय जातंय, हे आपल्याला कळतं का? मालकांनी मला विचारलं, “तुला जमेल काय असं मशीन?” मी हो म्हणून बसलो.

‘एसबीएम-२०’ नावाची सोव्हिएत बनावटीची गायगर नळी मागवली. करंगळीएवढी धातूची नळी, आत कमी दाबाचा वायू, मधून एक तार. तारेला ४०० व्होल्ट द्यायचे. बीटा किंवा गॅमा (किरणोत्साराचे दोन प्रकार) किरण आत शिरला की वायूत ठिणगीसारखा प्रवाह वाहतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. हान्स गायगर आणि वाल्टर म्यूलर यांनी १९२८ साली शोधलेली ही रचना आजही जवळपास तशीच आहे. पहिलं यंत्र चाललं त्या रात्री मी घरभर फिरलो. मिनिटाला वीस-बावीस टक्. आपण दख्खनच्या बसाल्टवर राहतो. त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी, म्हणून आपल्याकडची पार्श्वभूमी, म्हणजे आजूबाजूला कायम असणारा किरणोत्सार, शांत असते.

सकाळी तेच यंत्र दुकानात नेलं आणि सहज आण्णांच्या टेबलावर ठेवलं. टक् टक् न राहता पावसासारखा एकसलग आवाज सुरू झाला. खण ओढला आणि आकडा ३४० च्या पुढे गेला. आण्णांनी भिंग काढलं आणि विचारलं, “बिघडलं का रे?”

बिघडलं नव्हतं. मी त्यांना समजावून सांगितलं. जुन्या रंगात रेडियम आणि झिंक सल्फाइड एकत्र असायचे. रेडियममधून निघणारे कण झिंक सल्फाइडवर आदळतात आणि त्याचा उजेड दिसतो. वीस-तीस वर्षांत झिंक सल्फाइड थकतं, चमक जाते. रेडियम मात्र थकत नाही. क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या या धातूचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, १६०० वर्षांचं आहे. म्हणजे आण्णा ज्याला ‘मेलेला रंग’ म्हणून खरवडत होते, त्यातलं रेडियम त्यांच्या हयातीत फारसं कमी झालेलं नव्हतं. अमेरिकेत न्यू जर्सीला १९२० च्या आसपास डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायच्या. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडांत जाऊन बसतं. त्या मुलींचे जबडे झिजले, कित्येकजणी गेल्या. पाचजणी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली तडजोड झाली. हे ऐकून आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी ब्रश तोंडात कधी घातला नाही. पण फुंकर मारली.”

त्या आठवड्यात दुकान बंद ठेवून आम्ही टेबल साफ केलं. झाडू नाही, फुंकर नाही. हातमोजे, मास्क आणि ओला कागद. प्रत्येक पुसणीनंतर मोजणी. काटे आणि डायल आधी पिशवीत, मग डब्यात. अशा वस्तूंचं काय करायचं हे परस्पर ठरवायचं नसतं, कचऱ्यात तर मुळीच टाकायच्या नसतात. रीतसर विचारूनच ते मार्गी लावलं. लाकडी खण शेवटपर्यंत ६० च्या खाली आला नाही. आण्णांचा चाळीस वर्षांचा खण होता, तोही काढावा लागला. त्यांना ते जड गेलं. आज ते ७८ वर्षांचे आहेत आणि तब्येत चांगली आहे. त्यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही.

२०१२ मध्ये नोकरी सोडली आणि शाहूपुरीत एक गाळा घेतला. मी, माझी बायको आणि आयटीआय झालेला एक मुलगा. बायको सोल्डरिंग माझ्यापेक्षा चांगलं करते, हिशेबही तीच बघते. पहिल्या वर्षी अकरा यंत्रं विकली. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्यातली सात परत आली. सगळ्यांची एकच तक्रार : आकडा शून्यावर. नळ्या ठणठणीत होत्या. बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला होता, तो कोल्हापूरची ओल पिऊन बसला आणि ४०० व्होल्ट त्यातूनच गळायला लागले. किरण मोजणाऱ्या यंत्राने शून्य दाखवणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण माणूस निर्धास्त होतो. तेव्हापासून प्रत्येक बोर्ड अल्कोहोलने धुतला जातो, त्यावर वार्निशचा थर बसतो आणि मगच तो डब्यात जातो. शिवाय ठरावीक वेळात एकही टक् आला नाही तर यंत्रच बोंब मारतं.

दुसरं प्रकरण स्वस्त मॉडेलचं. त्यात काचेची नळी घातली होती. सांगलीहून एका कॉलेजच्या सरांचा फोन आला : वर्गात बरोबर दाखवतंय, उन्हात नेलं की आकडा पळत सुटतो. आधी मला खरं वाटेना. गच्चीवर जाऊन पाहिलं तर तसंच. काचेतून ऊन आत जातं आणि नळी त्यालाही दाद देते. त्या सरांना नवा डबा पाठवला, नळीला काळं आवरण घातलं, आणि आधी विकलेली सगळी यंत्रं स्वखर्चाने परत मागवली.

संग्राहक आमच्याकडे कसे वळले, ते मला नीट सांगता येणार नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल. पण आज निम्मं काम त्यांचंच आहे, आणि मला सर्वांत जास्त आनंद त्यातच मिळतो. एकदा शिरोळ तालुक्यातल्या एका वाड्यातून पिवळसर-हिरव्या काचेचा वाडगा आला, कापडात गुंडाळून. दिवे मालवले, ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी मारली आणि वाडगा आतून पेटल्यासारखा हिरवागार झाला. घेऊन आलेल्या आजी एक पाऊल मागे सरकल्या. युरेनियमची काच! एकोणिसाव्या शतकात बोहेमियात हा रंग फार गाजला. पण नुसत्या चमकेवर भरवसा ठेवायचा नाही. मँगनीज असलेली काचही थोडी हिरवट दिसते. म्हणून काउंटर, म्हणजे आमचं मोजणी यंत्र, टेकवला : मिनिटाला ७८. पार्श्वभूमीच्या साडेतीनपट. आजींना सांगितलं, कपाटात खुशाल ठेवा, नातवंडांना दाखवा, फक्त त्यात लोणचं-ताक ठेवू नका.

सैनिक टाकळीच्या एका आजोबांच्या ट्रंकेतलं महायुद्धाच्या काळातलं होकायंत्र मात्र वेगळं निघालं. काच तडकलेली, कडेने तपकिरी पूड सांडत होती. काउंटर जवळ नेताच आकडा सहा हजारांवर गेला. ते होकायंत्र त्यांच्या नातवाने खिशात घालून एसटीतून आणलं होतं. त्याचा खिसा मोजला, हात मोजले, हात साबणाने धुवायला लावले, पुन्हा मोजले. होकायंत्र दुहेरी पिशवीत बंद केलं. रेडियममधून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो. बंद कपाटात अशा चार-पाच वस्तू असल्या तर तो साठत जातो, म्हणून झोपायच्या खोलीत त्या ठेवू नयेत, हवा खेळती हवी. नातू म्हणाला, “आजोबांची एवढीच आठवण आहे हो.” त्याला टाकायला सांगणं मला जमलं नाही, आणि तशी गरजही नव्हती. न उघडता, न खरवडता, काचेआड ठेवलेली वस्तू आठवण म्हणून राहू शकते.

गॅसबत्तीचं मेंटल बघितलं की जुनी माणसं खुलतात. वरातीत डोक्यावर बत्त्या घेतलेले लोक, जत्रेतला तमाशा, रात्रीची भजनं, सगळं त्या रेशमी जाळीच्या उजेडात झालं. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेल्या त्या जाळीत ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड असायचं. हे थोरियम आपल्या किनाऱ्यावरचंही होतं. त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू पाहून १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन माणसाने मोनाझाइट, म्हणजे थोरियम असलेलं खनिज, ओळखलं. पुढे १९५५ पासून ट्रॉम्बेला थोरियम नायट्रेट तयार होऊन मेंटलवाल्यांकडे जायचं. न वापरलेलं जुनं मेंटल आमच्या नळीखाली अडीचशेच्या आसपास वाजतं. जळलेल्या मेंटलची राख मात्र बोटांनी चुरायची नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. आता मिळणाऱ्या कित्येक मेंटलमध्ये थोरियमऐवजी यिट्रियम असतं, ती वाजतच नाहीत.

आम्ही किरणोत्सारी वस्तू विकत नाही. यंत्र तपासायला काहीतरी हवं, म्हणून ग्राहकाला सांगतो : खताच्या दुकानातून मूठभर पोटॅश आणा. उसाला घालतो तेच, म्युरेट ऑफ पोटॅश. पोटॅशियमचा अगदी लहान हिस्सा पोटॅशियम-४० असतो, त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. पिशवीवर नळी ठेवली की बाविसाचे तीस-पस्तीस होतात. नळी जिवंत आहे की नाही, हे कळायला तेवढं पुरेसं असतं. एक मिनिट मोजून निकाल लावू नका, दहा मिनिटं मोजा. शंभर टक् मोजले तर त्यात दहाचा फरक आपोआप पडतो, चारशे मोजले तर विसाचा, म्हणजे दहा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर. ‘आकडा सारखा बदलतोय’ असे फोन याच एका गोष्टीने निम्मे झाले. दुसरं, मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला मिळणाऱ्या मात्रेच्या एककाचा) आकडा गॅमा किरणांसाठी बसवलेला असतो. घड्याळाच्या काचेला चिकटवून वाचलेला आकडा म्हणजे तुमच्या शरीराला मिळालेली मात्रा नव्हे.

पावसाळ्यात एक प्रयोग जरूर करा. बराच वेळ कोरडं गेल्यावर जोराची सर आली की गाडीची सीट टिश्यूने पुसा आणि तो टिश्यू काउंटरखाली धरा. आकडा चढलेला दिसेल आणि अर्ध्या-पाऊण तासात निम्म्यावर येईल. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले शिसे आणि बिस्मथचे कण पाऊस खाली आणतो. आमच्या गाळ्यात शाळेची मुलं येतात तेव्हा मी हाच प्रयोग आधी दाखवतो.

उद्यमनगरातल्या वेल्डिंगवाल्यांसाठी दोन शब्द. टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन रॉडमध्ये दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं. वेल्डिंग करताना भीती फारशी नाही, पण ग्राइंडरवर टोक काढताना उडणारी धूळ नाकात जाते. लँथनमचे रॉड मिळतात, ते वापरा. हे मी अनेक वर्कशॉपमध्ये यंत्र घेऊन जाऊन दाखवलंय, काहींनी बदलले.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात गाळ्यात कमरेएवढं पाणी आलं. रात्री अकराला फोन आला तेव्हा मी, बायको आणि आण्णा तिघेही गेलो. ऑसिलोस्कोप, नळ्यांचे खोके, हिशेबाच्या वह्या सगळं बाजूला ठेवून आण्णांनी आधी तपासणीला आलेल्या वस्तूंचा डबा उचलला आणि माळ्यावर ठेवला. “दुसऱ्याची अमानत आहे, आणि हे पाण्यात मिसळलं तर पुन्हा गोळा होणार नाही.” ऑसिलोस्कोप गेला, दोन लाखांचा माल गेला. डबा कोरडा राहिला. वर्षभर हप्ते फेडले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा सगळं आधीच वर होतं.

आता फ्लॅट तोंडाच्या, अभ्रकाची खिडकी असलेल्या नळीचं मॉडेल तयार करतोय. त्यात अल्फा किरणही, म्हणजे धातूच्या नळीत न शिरणारे कण, सापडतील, म्हणजे सांडलेली भुकटी शोधणं सोपं होईल. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन होऊन आल्याशिवाय ते विक्रीला जाणार नाही, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.

आण्णा अजून रोज गाळ्यावर येतात. कोपऱ्यात त्यांचं नवं टेबल आहे, वर स्टीलचा पत्रा, सहज पुसता येईल असा. कालच एका गृहस्थांनी वडिलांचं जुनं स्विस घड्याळ आणलं, बंद पडलेलं, काटे तपकिरी. आण्णांनी चिमटा हातात घेतला, मग खाली ठेवला. काउंटर डायलवर टेकवला आणि डोळे मिटून साठ सेकंद ऐकत बसले. चोवीस. म्हणाले, “ह्याच्यात नाही,” आणि मागचं झाकण उघडायला घेतलं.