वर उजवीकडे पाहिलं म्हणून

प्रिलिमच्या गणिताचा पेपर चालू होता. शिपाई धावत आला, "बेन, प्रिन्सिपल सर बोलावतायत. दहावीवाला. तुमचा." मी तेव्हा समुपदेशन कक्षात होते. कक्ष म्हणजे खेळाच्या खोलीचा अर्धा भाग, कपाटं आडवी लावून केलेला. इथे मूल रडत असतं आणि पलीकडे कुणीतरी व्हॉलीबॉल शोधत असतं.

'तुमचा' म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारातला, घरी मराठी, मित्रांत गुजराती आणि पेपर इंग्रजीत लिहिणारा मुलगा. गणित येतं, पण पेपर हातात आला की बोटं गार पडतात आणि येणारी गणितंही कोरी राहतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो माझ्याकडे यायला लागला होता.

ऑफिसात पोचले तर प्रकरण असं : त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली, शंकू आणि अर्धगोलाच्या घनफळांची सूत्रं लिहिलेली. सुपरविजनला विज्ञानाचे सर होते. त्यांनी विचारलं, "ही कुठून आली?" मुलाने वर उजवीकडे पाहिलं आणि गप्प राहिला. सर मला म्हणाले, "क्लिअर आहे मॅडम. व्हिज्युअल कन्स्ट्रक्टेड. रचून सांगणार होता, जमलं नाही."

हे सर एरवी चांगला माणूस. डिसेंबरात शाळेने शिक्षकांसाठी दोन दिवसांची एनएलपीची, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगची कार्यशाळा ठेवली होती, 'विद्यार्थ्यांच्या भावनांचे व्यवस्थापन' या नावाने. कक्षाला दार बसवा म्हणून मी वर्षभर मागे लागले, तर पैसे नाहीत. प्रशिक्षकासाठी मात्र निघाले. तेव्हापासून स्टाफरूममध्ये डोळ्यांचा लॅमिनेटेड तक्ता लटकतोय. वर डावीकडे पाहिलं तर आठवतोय, वर उजवीकडे पाहिलं तर बनवतोय.

गंमत म्हणजे मी या मुलाबरोबर जे करत होते, तेही त्याच घराण्यातलं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या विद्यापीठात रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हा भाषाशास्त्राचा प्राध्यापक, या दोघांनी फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सॅटिर, मिल्टन एरिक्सन अशा नावाजलेल्या थेरपिस्टांचं बोलणं बारकाईने टिपलं आणि त्यातून एनएलपीची तंत्रं काढली. त्यांचे दावे तपासायला गेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीनेही पुरावा नाही असंच म्हटलं. हे माहीत असूनही मी त्यातले दोन-तीन तुकडे वापरते. मुलांना नाव सांगत नाही, पालकांना तर मुळीच नाही. एकदा नाव सांगितलं की पालक 'कोर्स किती दिवसांचा' विचारतात.

त्यातला एक तुकडा म्हणजे अँकर : चांगल्या क्षणाची भावना अंगावरच्या एका जागेशी जोडायची, मग ती जागा दाबली की भावना परत येते. मुळात ही घंटेने कुत्र्याला लाळ आणणाऱ्या पावलॉव्हचीच घंटा, पण बसवायला हात लागतो. 'आनंदाचा क्षण आठव' म्हटलं की मुलं वाढदिवस सांगतात आणि वाढदिवसाच्या आठवणीत केकच्या शेजारी आईबाबांचं भांडण निघतं. एकच क्षण लागतो, तोही निर्भेळ. या मुलाने दिला तो उत्तरायणचा, संक्रांतीच्या पतंगांचा. आजीची गच्ची, समोरच्या गच्चीवरच्या कॉलेजवाल्याशी पेच. मी वर्तमानकाळातच विचारते : आत्ता तू गच्चीवर आहेस, दोरी कुठे लागतेय? आवाज कुठल्या बाजूने येतोय? त्याला आधी पिपूड्या ऐकू आल्या. मग म्हणाला, पेच लागला की दोरी जड होते, आणि समोरची कापली की एकदम हलकी. हे सांगताना त्याचे खांदे उतरले, श्वास पोटापर्यंत गेला. दाबायचं ते या चढावर आणि सोडायचं शिखर यायच्या आत. हसू फुटल्यावर दाबलं तर उतरणीशी गाठ पडते, आणि कार्यशाळेतले लोक हमखास तिथेच दाबतात. मग मधेच तोडायचं, 'आज डब्यात काय?' आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आठवण न काढता नुसतं दाबून बघायचं.

जागाही विचार करून ठरवावी लागते. मी मुलांना हात लावत नाही, त्यांचं त्यांनी दाबायचं. हा डावखुरा, म्हणून उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर, त्याच हाताच्या अंगठ्याने. डाव्या हातातलं पेन चालू राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

ऑफिसात तो भिंतीला टेकून उभा होता, ओठ पांढरे. मी नजरेनेच बोटाकडे खूण केली. त्याने हात पुढे केला. मधल्या बोटाला पट्टी. नुकतंच उत्तरायण झालेलं, दोरीने पेर कापलेलं. दाबलं की कळ येते. ज्या पतंगाने अँकर दिला त्यानेच तो काढून नेला होता.

मग दुसरा तुकडा काढला, बाहेरून बघण्याचा. त्याला मराठीतच म्हटलं, "समोरच्या गच्चीवरून या ऑफिसात बघ. कोण कोण दिसतंय?" प्रिन्सिपलसाहेबांनी भुवया उंचावल्या. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार जण. एक मुलगा उभा आहे. त्याचा शर्ट बाहेर आलाय." आणि त्याने शर्ट आत खोचला. थोड्या वेळाने सरांकडे वळून म्हणाला, "सर, ती चिठ्ठी माझी नाही."

सर शांतपणे म्हणाले, "आता असंच बोलणार. तुम्हीच शिकवलंय ना."

मी त्यांना बरंच सुनावलं. त्यांच्याच तक्त्याखाली 'उजव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी' असं छापलंय आणि हा डावखुरा आहे. २०१२ साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच दावा तपासला : खोटं बोलताना डोळे ठरावीक दिशेला गेले नाहीत, आणि तक्ता शिकवलेल्यांना न शिकवलेल्यांपेक्षा खोटं जास्त ओळखता आलं नाही. मूळ तक्त्यात खोटेपणाचा मुद्दाच नव्हता, तो नंतर चिकटवलाय. सर ऐकून घेत होते. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला प्रयोगाचं बोलणं टाळता येत नाही.

पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. डोळे वर गेले म्हणून मूल खोटं ठरत नसेल, तर आवाज स्थिर आहे म्हणून ते खरंही ठरत नाही. आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला तो कशावरून? त्याच्या शर्ट खोचण्यावरून. सरांनी डोळे वाचले, मी खांदे वाचले. फरक एवढाच की माझ्या भिंतीवर तक्ता नाही.

मुलांना शांत व्हायला शिकवलं की त्यांची भीती वाचून निवाडा करणाऱ्यांची अडचण होते, आणि त्यात मीही आले. भीती ओसरल्यावर मूल काय सांगेल ते त्याचं. खोटंही अधिक नीट सांगेल. मानसशास्त्राची पदवी घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्रिन्सिपलसाहेबांनी शेवटी सरळ काम केलं, उत्तरपत्रिका मागवली. घनफळाचा प्रश्न कोरा होता. मला वाटलं, सुटलो. सर म्हणाले, चिठ्ठी काढायच्या आत पकडला गेला. दोन्ही बसतं. बाकाला बाक लागलेले, चिठ्ठी कुणाचीही असू शकते. मुलाला दुसऱ्या दिवशी नवा पेपर दिला. चिठ्ठी त्याची होती की नाही, हे मी त्याला नंतरही विचारलं नाही. तो येतो, बोट बरं झालंय, आता डाव्या मनगटाच्या आतली जागा धरायची का विचारतो. मी नको म्हटलं, लिहिणारा हात मोकळा ठेव.

साहेबांना मी लेखी दिलंय : चौकशीला मूल उभं असेल तेव्हा मला जरूर बोलवा, मी त्याला सावरेन. ते खरं बोलतंय का, हे मात्र मला विचारू नका, आणि स्टाफरूममधला तक्ता काढा. उत्तर आलेलं नाही. परवा नववीतल्या एका मुलीची चौकशी झाली. त्या वेळी मला आठवीवर बदली तास घ्यायला पाठवलं होतं.