कास पठार: सात ते अकराचा स्लॉट आणि सांगलीहून निघतानाचा हिशोब

सप्टेंबरचा तिसरा शनिवार. साताऱ्याजवळच्या कास पठारावरची फुलं बघायला सांगलीहून दोन गाड्या, नऊ माणसं, सकाळी ७ ते ११ चा स्लॉट, म्हणजे पासवर ठरवून दिलेली वेळ. सांगली सोडली पहाटे ३:४५ला, पठाराच्या गेटवर पास तपासला ७:५०ला आणि बाहेर पडलो १०:४०ला. मधला वेळ कुठं कुठं गेला ते सविस्तर लिहितो, कारण कासला जाणाऱ्यांची खरी धावपळ आता बुकिंग झाल्यावर सुरू होते. पासवर छापलेल्या तासांत गेट गाठायचं असतं, आणि तिथंच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे आणि दिवस तीन स्लॉटमध्ये वाटलेला आहे: सकाळी ७ ते ११, ११ ते ३ आणि दुपारी ३ ते ६. तारीख बरोबर आहे म्हणजे कधीही आत जाता येईल, हा समज आधी मनातून काढा. अकराचा पास घेऊन नऊला आलात तर बाहेर थांबायची तयारी ठेवा. सातचा पास घेऊन साडेअकराला आलात तर तो पास संपलेला आहे, आणि मागे पुढच्या स्लॉटची रांग लागलेली असते. गेटवरची माणसं कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांतली आहेत. पठाराची राखण हेच त्यांचं हंगामातलं काम. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, त्यांचं बरोबर आहे.

बरोबर का, ते आत गेल्यावर पायाखाली बघितलं की कळतं. कास म्हणजे जांभ्या खडकाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार. त्यावर माती काही ठिकाणी जेमतेम बोटभर. त्या बोटभर मातीत बिया आणि कंद आठ महिने दबून राहतात आणि पावसाळ्याच्या शेवटी फुलतात. वाट सोडून एक पाऊल टाकलं की माती दबते, खळग्यात पाणी साचतं आणि पुढच्या वर्षी तिथं फूल नसतं. एका वेळी आत किती माणसं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. पठारावर ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत, आणि २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा त्यात कासही होतं.

आता हिशोब. तो सांगलीपासून पुढं मांडू नका, गेटपासून मागं मांडा. आत किमान अडीच तास हवेत. गेटपासून ‘राजमार्ग’ नावाच्या जुन्या वाटेने कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जाऊन परत यायला फोटो काढत काढत दीड-दोन तास सहज जातात, उरलेला वेळ रस्त्यालगतच्या भागाला. म्हणजे ११ ला संपणाऱ्या स्लॉटसाठी गेटवर ८ च्या आत पोचायलाच हवं. वाहनतळावर गाडी लावून, पठार सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीच्या बसची वाट बघून गेटपर्यंत यायला आम्हाला अर्धा तास लागला. सातारा शहर ते वाहनतळ हे अंतर पंचवीसेक किलोमीटर, पण यवतेश्वरचा घाट आणि पुढचा अरुंद रस्ता मिळून एक तास धरा. सांगली, पेठ नाका, कऱ्हाड, सातारा हे सव्वाशे किलोमीटर, चहाच्या थांब्यासह अडीच तास. हायवेवर काम चालू असलेल्या ठिकाणी सर्व्हिस रोडला उतरवतात, तिथं पहाटेसुद्धा ट्रकच्या मागे पंधरा मिनिटं जातात. पुण्याहून येणाऱ्यांना अंतर थोडं कमी, पण शनिवारी सकाळी खंबाटकी घाट तुंबला की तो फायदा संपतो.

सातारा शहरातही वेळ धरायला विसरू नका. पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर आणि मग यवतेश्वर घाट असा मार्ग आहे. सकाळी सहाला हा टप्पा दहा मिनिटांचा. तोच दुपारी बाराला, त्यात गणपतीचे दिवस असले तर, अर्ध्या-पाऊण तासाचा होतो. अनंत चतुर्दशी हंगामाच्या ऐन मध्यावर येते. त्या दिवसाचा ३ ते ६ चा स्लॉट बाहेरगावच्यांनी घेऊच नये. पेट्रोल साताऱ्यातच भरा.

दोन गाड्या असतील तर सगळ्यात जास्त गोंधळ पासचा होतो. नऊ जणांचं बुकिंग एकाच फोनवर, आणि तो फोन मागच्या गाडीत. पुढची गाडी वाहनतळावर पोचून उभी, मागची वाटेतल्या पेट्री गावाजवळ कणसं घ्यायला थांबलेली, आणि वर नेटवर्क कधी आहे कधी नाही. उपाय सोपा आहे: पास डाउनलोड करून प्रत्येक गाडीतल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, एक प्रत छापून घ्या. वर गेल्यावर मेल उघडून पास शोधायचा भरवसा धरू नका. फोटोचं ओळखपत्र मूळ असलेलं बरं. बुकिंग करताना तारखेइतकाच स्लॉटही दोनदा वाचा. घाईत ३ ते ६ ऐवजी ११ ते ३ वर बोट पडतं आणि पैसे भरल्यावर लक्षात येतं. पैसे कापले गेले आणि पास आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी मेल आणि मेसेज तपासा, नाहीतर एकाच माणसाचे दोन पास होतात.

स्लॉट निवडायचा कसा? आमचं स्पष्ट मत सकाळच्या बाजूने आहे. पहिली बस मिळते, वाट मोकळी असते, आणि धुकं असलं तरी ते जवळच्या फुलांच्या आड येत नाही. दूरवर पसरलेले गालिचे बघायचे असतील तर ११ ते ३ ला ऊन पडण्याची शक्यता जास्त, पण गर्दीही तेव्हाच सर्वाधिक. ३ ते ६ चा उजेड सुंदर असतो. मात्र पाऊस आला तर वेळ वाढवून मिळत नाही, आणि उतरताना घाटात अंधार आणि धुकं एकदमच गाठतं. लहान मुलं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा स्लॉट टाळा.

फुलं आठवड्यागणिक बदलतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पांढरे गेंद आणि त्यांच्यात जांभळी सीतेची आसवे, तेरड्याचा गुलाबी रंग. पुढं सोनकी आणि कवल्याचा पिवळा चढत जातो. कवल्याच्या पिवळ्या पाकळ्यांवर लाल ठिपके असतात, म्हणून गाईड त्याला मिकी माऊस म्हणतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. इतर वर्षी तिचे पालथ्या टोपलीसारखे झुडूप दिसतील, तेही बघण्यासारखे.

सीतेच्या आसवांपाशी मात्र वाटेवरच बसून पाच मिनिटं द्या. फूल नखाएवढं, जांभळं, मधोमध दोन पांढरे ठिपके. तेच आसवांचे थेंब. जमिनीखाली, ओल्या मातीत, या वनस्पतीला बारीक पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाच्या केसाला लागला की ती त्याला पाण्यासकट आत ओढते. या मातीत नत्र फार कमी, ते ती असं मिळवते. हाताचा स्पर्श करू नका. गाईड बरोबर असेल तर तो वाटेवरूनच दाखवतो. आम्ही गाईड घेतला होता. चार तासांच्या स्लॉटमध्ये शोधाशोधीचा वेळ वाचतो, त्यासाठी तेवढे पैसे जरूर खर्च करा.

छत्री नको, रेनकोट घ्या. उघड्या सड्यावरचा वारा छत्री उलटी करतो. जांभ्यावर शेवाळ असतं, तेव्हा तळव्याला पकड असलेले बूट हवेत. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि खाण्याची पाकिटं गाडीतच ठेवा. स्वच्छतागृह वाहनतळावरच आटपून घ्या.

एकाच दिवसात ठोसेघरचा धबधबा आणि कास दोन्ही बसवायचा मोह होतो. ठोसेघर सज्जनगडाच्या बाजूला, म्हणजे पुन्हा साताऱ्यात उतरून दुसऱ्या रस्त्याला लागायचं. सकाळचा स्लॉट असेल तर आधी कास, मग जमलं तर ठोसेघर. कासच्याच बाजूला कास तलाव, भांबवलीचा वजराई धबधबा आणि पुढं बामणोली आहे. त्यातलं एकच निवडा. परतीला पोलिसांनी घाटाईच्या रस्त्याने वळवलं तर मुकाट्याने जा. तो रस्ता पुन्हा साताऱ्याच्या रस्त्यालाच येऊन मिळतो.

एसटीने येणाऱ्यांनी साताऱ्याच्या स्टँडवरून बामणोलीची गाडी धरावी. वेळ आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारा आणि ११ ते ३ चाच स्लॉट घ्या. परतीची गाडी पठारावर येईपर्यंत भरलेली असते, त्यामुळे उभं राहून यायची तयारी असू द्या.