उजेड भरपूर, दिसत मात्र काहीच नाही

मेच्या शेवटी खान्देशात शून्य सावलीचा दिवस येतो. रावेरच्या आमच्या अंगणात उभी रोवलेली काठी भरदुपारी क्षणभर बिनसावलीची व्हायची आणि आम्ही पोरं ते बघायला उन्हात थांबायचो. सगळीच सावली नाहीशी झाली की काय होतं, ते अंटार्क्टिकात, भारताच्या मैत्री या संशोधन स्टेशनवर आल्यावर कळलं.

डिसेंबरात इथे सूर्य मावळत नाही. समुद्राकडच्या बर्फापर्यंत, साधारण शंभर किलोमीटर, आमचा पिस्टनबुलींचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्यांचा, ताफा डिझेल आणायला निघाला होता. गाड्यांची दुरुस्ती माझ्याकडे. वाटेत ढग भरून आले आणि दहा मिनिटांत क्षितिज पुसलं गेलं. वारा नाही, उडतं बर्फ नाही, हवा स्वच्छ. हाच व्हाइटआउट. ताजं बर्फ ८०-९० टक्के उजेड परत फेकतं, ढग तो पुन्हा खाली धाडतात. चहूकडून सारखाच उजेड आला की सावली पडत नाही, आणि सावलीशिवाय खड्डा, उंचवटा, उतार काहीच कळत नाही.

मी खाली उतरलो. पुढची लाल गाडी स्पष्ट दिसत होती, पण दुधात तरंगल्यासारखी. दोन पावलं टाकली, तिसरं वीतभर खाली गेलं. अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकल्यावर बसतो तसा पाठीला हिसका बसला. मग राखीव हातमोजा पुढे फेकला. तो पडला तेव्हा कळलं, जमीन कुठे आहे. पाच तास आम्ही तिथेच थांबलो.

२८ नोव्हेंबर १९७९ ला अंटार्क्टिकातल्याच माउंट एरेबस डोंगरावर प्रवासी विमान आदळून २५७ माणसं गेली. मार्गाचे आकडे वैमानिकांना न सांगता बदलले होते, आणि स्वच्छ हवेतही समोरचा पांढरा डोंगर त्यांना दिसला नाही. हे पूर्वी वाचलं होतं; त्या दिवशी पटलं.

परतल्यावर सूर्याला खळं पडलं, मळणीच्या खळ्यासारखं गोल. हात लांब करून वीत ताणली. अंगठ्याने सूर्य झाकला, करंगळी कड्याला टेकली. षटकोनी बर्फकणांतून उजेड वाकला की हे बावीस अंशांचं कडं उमटतं. दोन्ही बाजूंना एकेक झगझगीत ठिपका, सूर्याकडच्या अंगाला लालसर.

फोटो आईला पाठवला. "हाई काय शे भाऊ, तीन सूर्य?" आणि लगेच, "खळं पडलंय ना, मग वारा-पाऊस दूर नाही."

ढग उंचावरचे, पातळ होते. असे ढग वादळाच्या पुढे चालतात. दुसऱ्या दिवशी ब्लिझार्ड, म्हणजे हिमवादळ आलं. जनरेटरच्या खोलीपर्यंत आम्ही दोर धरून गेलो.