विहिरीकडचं रान

ऊस कारखान्याकडे निघाला की आमच्याकडे हेड इन्ज्युरी वाढतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि अंधारात त्यांच्यामागून येणारी मोटारसायकल थेट उसात घुसते. जानेवारीतल्या त्या रात्री सव्वाअकराला १०८ मधून जो मुलगा उतरवला, त्याच्या केसांत उसाचं पाचट अडकलेलं होतं. वय बावीस.

मी सरकारी रुग्णालयाच्या न्यूरो आयसीयूत काम करते आणि गेली काही वर्षं एका औषधाच्या अभ्यासाचंही बघते. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांना अपघातापासून आठ तासांच्या आत ते द्यायचं असतं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन. कुप्या दिसायला सारख्याच. कुणाला काय गेलं हे मला माहीत नसतं, सिस्टरांना नसतं, नातेवाइकांनाही नसतं. अभ्यास चालू आहे, त्यामुळे औषधाचं नाव इथे लिहीत नाही.

मुलगा डोळे उघडत नव्हता, आवाज काढत नव्हता. नखावर पेन दाबलं की डावा हात मागे घ्यायचा, उजवा नुसता किंचित हलायचा. जीसीएस, म्हणजे शुद्धीची पातळी मोजणारा आकडा, सहा. पंधरापैकी आठ किंवा त्याखाली म्हणजे जबर इजा. ही मोजपट्टी मुळात १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी मांडली आणि आमचा सगळा धंदा आजही त्या आकड्यावर चालतो. डावी बाहुली मोठी, टॉर्चला आळसावून आकसणारी. रेसिडेंटने ट्यूब टाकली, मेंदूवरचा दाब कमी करायला मॅनिटॉल सुरू केलं, वॉर्डबॉय मामांनी ट्रॉली सीटीकडे पळवली. डावीकडे कवटीखाली रक्ताचा जाड थर, मेंदू मध्यरेषेपासून अकरा मिलिमीटर उजवीकडे ढकललेला. सर्जन एवढंच म्हणाले, "चला, ओटी लावा." म्हणजे ऑपरेशन थिएटर तयार करा.

तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यातून आलेली चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशाला पिनने लावलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं: डेक्सा दिले. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड. मी आणि सिस्टरने एकमेकींकडे पाहिलं. डोक्याला मार म्हणजे सूज, सूज म्हणजे स्टेरॉइड, हे तर्काला इतकं पटणारं होतं की तीसेक वर्षं जगभर दिलं गेलं. मग क्रॅश नावाचा अभ्यास झाला. दहा हजार आठ रुग्ण, निम्म्यांना स्टेरॉइड. २००४ साली निकाल आला तेव्हा दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइडच्या गटात २१.१ टक्के होते आणि बिनस्टेरॉइडच्या गटात १७.९. चांगल्या मनाने, पूर्ण खात्रीने दिलेल्या इंजेक्शनांनी तोवर किती माणसं गेली, याचा हिशोब करायच्या फंदात मी पडत नाही. वीस वर्षांनंतरही खिशाला लावलेल्या चिठ्ठीवर डेक्सा येतं, याची मात्र चीड येते.

वडील पुढच्या गाडीने आले. पांढरा सदरा, टोपी, पायात चिखल लागलेल्या चपला. रानात पाणी धरायला गेलेले, तिथूनच आलेले. ऑपरेशनच्या संमतीचा कागद सर्जननी समोर धरला. जीव जाऊ शकतो, अपंगत्व येऊ शकतं, भाषा जाऊ शकते. त्यांनी वाचलाही नाही. "करा," म्हणाले आणि सही केली.

मग माझी पाळी.

आमच्याकडे संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायची पद्धत आहे. त्यासाठी वेगळी खोली नाही. सलाइनचे खोके ठेवतात त्या स्टोअरमध्ये दोन स्टुलं आणि एक कॅमेरा. लाल दिवा लागल्यावर काकांनी टोपी सरळ केली आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं. फोटो काढताना लावतात तसं. माझ्याकडे अकरा पानी माहितीपत्रक होतं, घड्याळात बारा वाजून गेले होते आणि ओटी लागायला अर्धा तास होता. माझ्या कागदासाठी ओटी थांबत नाही, थांबूही नये.

मी नेहमीचं बोलले. हे नवीन औषध आहे. उपयोग होतो की नाही, ते आम्हाला माहीत नाही. म्हणून काहींना देतो, काहींना देत नाही, आणि मग बघतो. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही.

"तुम्हास्नी ठावं न्हाई, तर देताय कशाला?"

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रात्री बारा वाजता, पोराच्या डोक्यात रक्त साचलेलं असताना माणूस प्रश्न विचारत नाही, तो आधार शोधतो. मी स्टेरॉइडची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्यानंतर आलेल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचीही. उंदरांमध्ये उत्तम, सुरुवातीच्या थोड्या रुग्णांमध्येही आशादायक, आणि २०१४ साली दोन मोठे अभ्यास एकदमच छापून आले, एकात ८८२ रुग्ण, दुसऱ्यात ११९५. दोन्हीकडे फायदा शून्य. मोजल्याशिवाय कळत नाही हो काका, म्हटलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्यात बी असंच केलं हुतं. सोयाबीनला. कृषी सहायक आलं, म्हणालं प्लॉट द्या. एका अंगाला फुले संगम, दुसऱ्या अंगाला आपलं नेहमीचं तीनशे पस्तीस."

"अगदी तसंच," मी म्हणाले. उदाहरण आयतंच हाती आलं होतं.

"पर त्यांनी काय केलं? विहिरीकडचं रान नव्या बियाला दिलं, आन् खडकाकडचं जुन्याला. मग उतारा नव्याला जास्त येणारच की. ते काय बियाचं कौतुक न्हाई." आणि थेट माझ्याकडे बघत, "तुमच्यात विहिरीकडचं रान कुणाला देतात?"

संख्याशास्त्राच्या वर्गात हा मुद्दा समजायला मला एक सहामाही लागली होती. औषध कुणाला द्यायचं हे डॉक्टरने ठरवलं, तर तो नकळत धडधाकट पेशंट औषधाकडे ढकलतो आणि मग औषध गुणकारी दिसतं. म्हणून चिठ्ठी टाकायची. गंमत अशी की ही चिठ्ठीची पद्धत मुळात रानातलीच. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात वाफ्यांसाठी ती मांडली. दवाखान्यात ती नंतर आली. मी काकांना सांगितलं की इथे वाटणी कॉम्प्युटर करतो, माझ्या हातात काही नाही. त्यांनी मान डोलावली. उत्तर पटलं होतं.

मला वाटलं, आता सही. खरं सांगायचं तर मी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. त्या महिन्यात आमचे रुग्ण कमी पडत होते आणि हा पोरगा सगळ्या निकषांत बसत होता.

त्यांनी कागद नीट घडी घालून माझ्याकडे परत दिला. "तुमचं बरोबर हाय, मॅडम. करायलाच पायजे. पर सोयाबीन गेलं तर एक हंगाम जातो. ह्यो एकलाच हाय मला."

आधी राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर सही मिळाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. "परदेशातलं औषध आहे, फुकट आहे," एवढं पुरतं. त्यात एक शब्द खोटा नसतो, आणि तरी ते सगळं खोटं असतं. मी "ठीक आहे काका" म्हणून दिवा बंद केला. यादीत नोंद केली: पात्र, नातेवाइकांचा नकार.

ऑपरेशन झालं. रक्त काढल्यावर कवटीचं कापलेलं हाड परत बसवायचं की नाही, यावर २०२३ साली ४५० रुग्णांचा एक अभ्यास आला आहे. वर्षभराने दोन्हीकडचे रुग्ण साधारण सारखेच निघाले. पण तो प्रश्न हाड बसत असेल तर. इथे मेंदू कडेच्या वर आला होता, बसवायची सोयच नव्हती. आमच्याकडे करतात तसं हाड पोटाच्या कातडीखाली कप्पा करून ठेवलं आणि डोक्याच्या पट्टीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे हाड नाही.

ड्यूटी संपल्यावर मी घरी गेले नाही. आधीची रेकॉर्डिंग काढून बसले. नियमाप्रमाणे ती ठेवायची असतात, बघत कुणीच नाही. सतरा होती. सतरांपैकी बारांत नातेवाईक शेवटी एकच वाक्य बोलले होते, शब्द थोडे इकडेतिकडे: "तुम्ही म्हणाल तसं." एक बाई तर सही करून झाल्यावर विचारत होती, "मग याने शुद्धीवर येईल ना?" आणि मागून माझाच आवाज, "प्रयत्न करतोय." तिने सही औषधाला केली नव्हती, माझ्यावर केली होती. सगळी सतरा संमतीपत्रं कायद्याने चोख होती. सतरा जणांना न समजलेलं ज्या एकाला समजलं, त्याचा कागद कोरा होता.

तेव्हापासून सहीच्या आधी मी विचारते, "मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा." वेळ जातो. काहींना सांगता येत नाही, मग मी पुन्हा सांगते. काही जण नीट सांगतात आणि नको म्हणतात. आमची भरती आणखी घसरली. समन्वय केंद्राकडून कारण विचारणारा ईमेल आला. 'रुग्णसंख्या हंगामी आहे' असं मी कळवलं. ते अर्धसत्य होतं, आणि अर्धसत्याबद्दल वर एवढं लिहिल्यावर हे लपवण्यात अर्थ नाही.

मेच्या शेवटी बापलेक हाड परत बसवायला आले. मुलगा चालत आला. उजवा पाय किंचित ओढत होता आणि उजव्या हाताची बोटं मिटलेली. डोक्याची डावी बाजू आत गेलेली, त्यावर क्रिकेटची टोपी. मी नाव विचारलं तर बरोबर सांगितलं. हातातली किल्ली दाखवून हे काय म्हटलं, तर बराच वेळ शोधून म्हणाला, "ते... ट्रॅक्टरचं." वडिलांनी पटकन, "चावी म्हनतोय," असं सांभाळून घेतलं.

मग ते माझ्याकडे वळले. "निकाल लागला का तुमचा?"

"अजून नाही काका. कुणाला काय दिलं ते अजून फोडलेलं नाही."

"आन् आमचा कुठल्या अंगाला धरलाय?"

मी सांगितलं की ज्यांनी नको म्हटलं ते कुठल्याच बाजूला धरत नाहीत. सहा महिन्यांनी त्यांना फोन जात नाही, त्यांचा फॉर्म भरला जात नाही.

"मोजलाच न्हाई व्हय?" त्यांना ते लागलं. चक्क लागलं.

फॉर्म मला पाठ आहे. मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि कुठलाही कागद न घेता विचारायला लागले. दिवसा आठ तास घरात एकटा राहू शकतो का? राहतो. गावात एकटा जातो का? जातो, पण रस्त्यापलीकडे नाही.

"दुकानात एकटा जाऊन सामान आणतो का?"

"जातो की. काय आणायचं ते इसरतो. दुकानदार वळखीचा हाय, त्यो बघून देतो."

फॉर्ममध्ये त्या प्रश्नापुढे दोनच चौकोन आहेत, होय आणि नाही. मुलगा तोवर डाव्या हाताने सदऱ्याचं वरचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. काका त्याच्याकडे बघत होते, मदत करत नव्हते.