नवगाव, इस्राएल आळी आणि पणजीचं नाव

अलिबागच्या किनाऱ्यावरची शनिवार-रविवारची गर्दी मला आता सोसत नाही. त्यामुळे मांडव्याला उतरून थेट नवगाव गाठलं. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरा सांगते, की दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथेच त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना इथेच पुरलं. त्या दफनभूमीत आज एक स्मारकस्तंभ आहे. पोथ्या समुद्रात गेल्या. उरली सुंता, शेमा ही प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी. तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाण्याला हात लावत नसत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावंही इथल्याच गावांची.

पण मी लिहायला बसले ती अलिबागच्या इस्राएल आळीतल्या एका मावशींमुळे. मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहून बाहेर पडले, तर त्यांनी ओटीवर बसवलं आणि आदल्या दिवशीच्या मलिद्याची बशी पुढे केली. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळ्याच्या चकत्या. नवस फेडताना किंवा लग्न ठरलं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात. जवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, अशी श्रद्धा आहे.

लग्नाचा विषय निघाला तशा मावशी बोलत्या झाल्या. त्यांची थोरली बहीण इस्राएलला गेली आणि तिथल्या एका इराकी ज्यू मुलाशी तिचं लग्न ठरलं. नोंदणीला गेल्यावर रब्बींच्या म्हणजे धर्मगुरूंच्या कचेरीत विचारणा झाली: आईची आई कोण? तिची आई कोण? 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या संस्थेनं तसा आदेशच काढला होता. बेने इस्राएलांनी मधल्या शतकांत बाहेर लग्नं केली असतील, धर्माप्रमाणे काडीमोड झाले नसतील, अशी शंका.

“बाबा रेवदंड्यापर्यंत हिंडले गं,” मावशी म्हणाल्या. “जुन्या बायकांच्या कबरींवर नुसते दगड. नाव कुठून आणायचं?”

मला फार संताप आला. पुस्तक हाती नसताना ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळला, त्यांच्याकडे आणखी कसला पुरावा मागायचा? बेने इस्राएल जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले. 1964 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारनं आणि संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं ठामपणे सांगितलं, तेव्हा कुठे रब्बींच्या आदेशातून त्यांचं नाव वगळलं गेलं. बहिणीचं लग्न त्यानंतर झालं.

मी रागानं बोलत होते. मावशींनी मला थांबवलं. “आमच्यातही गोरे-काळे होतेच की. कुणी बाहेरची बायको केली, तर तिची पोरं काळे इस्राएल. त्यांच्यात मुलगी द्यायची नाही, जेवायला बसायचं नाही. माझ्या आजीनं हे सगळं केलंय.”

हे त्यांनी आपणहून सांगितलं, याचा मला आदर वाटतो. जेरुसलेमच्या त्या कचेरीत मात्र गोरे आणि काळे एकाच रांगेत उभे होते, आणि दोघांनाही पणजीचं नाव विचारलं जात होतं.